शुगबरोचा अक्षरलेख

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात शुगबरो हा अ‍ॅन्सन घराण्याचा जुना प्रासाद आहे. त्याच्या उद्यानात थॉमस अ‍ॅन्सन याने अठराव्या शतकाच्या मध्यास 'मेंढपाळांचे स्मारक' उभारले. ओबडधोबड दगडी कमानीत पीटर शेमेकर्स याने घडविलेले संगमरवरी उत्थित शिल्प आहे. निकोलस पूसँ या फ्रेंच चित्रकाराच्या 'आर्केडियाचे मेंढपाळ' या चित्राची ती आरशातल्यासारखी उलटी प्रतिकृती होय. मेंढपाळ थडग्यावरील लॅटिन वाक्य वाचत आहेत; या सुखभूमीतही मृत्यू आहेच, असा त्याचा आशय.

खरे कोडे शिल्पाखाली आहे. ओ, यू, ओ, एस, व्ही, ए, व्ही, व्ही अशी आठ रोमन अक्षरे एका ओळीत, आणि किंचित खाली दोन टोकांना डी व एम. यांपैकी शेवटची दोन परिचित आहेत. 'मृतात्म्यांना अर्पण' या अर्थाची ही आद्याक्षरे रोमन थडग्यांवर नेहमी आढळतात. त्यामुळे हा स्मृतिलेख असावा, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक वाटते.

मग स्मृती कोणाची? थॉमसचा धाकटा भाऊ अ‍ॅडमिरल जॉर्ज अ‍ॅन्सन याची पत्नी एलिझाबेथ १७६० मध्ये निवर्तली. आठ अक्षरे म्हणजे उत्तम पत्नी व उत्तम भगिनी असलेल्या स्त्रीला प्रेमळ विधुराने वाहिलेल्या लॅटिन अर्पणवाक्याची आद्याक्षरे, असा एक तर्क आहे. मात्र लेख १७६० नंतर कोरला असेल तरच तो टिकतो. स्मारकाचा काळ तर १७४८ ते १७६३ असा सैल धरला जातो.

१९८२ मध्ये गाजलेल्या एका इंग्रजी पुस्तकाने पूसँच्या चित्राचा संबंध येशूच्या कथित वंशाशी जोडला आणि शुगबरोकडे गुप्तधनाचे शोधक वळले. २००४ मध्ये ऑलिव्हर व शीला लॉन या दांपत्याने लेखाचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे दोघांनी काम केले होते. पतीचा कल सांकेतिक संदेशाकडे, तर पत्नीचा विरहाच्या अर्पणाकडे होता!

अडचण लेखाच्या लांबीत आहे. एखादी उकल बरोबर की चूक, हे त्याच पद्धतीने पुढचा मजकूर वाचून पडताळावे लागते. येथे पुढचा मजकूरच नाही. आठ आद्याक्षरांत कोणत्याही भाषेतील कितीतरी वाक्ये बसविता येतात. शिवाय रोमन शिलालेखांत 'यू'साठीही 'व्ही'च कोरीत. येथे दोन्ही स्वतंत्रपणे आली आहेत.

शुगबरो आज नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असून स्मारक उद्यानात पाहता येते.