भुईंत पुरलेला धोका

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें वडीलधारे सांगत आले. परंतु विहीर खणलेली आहे, तिला पाणीहि भरपूर आहे, आणि तरीहि तें तोंडीं लावतां येत नाहीं, असा प्रसंग एखाद्या सुसंपन्न नगरावर येईल, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवलीहि नसेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सांता मोनिका शहरावर १९९६ सालीं नेमका हाच प्रसंग ओढवला. त्याचें मूळ शोधूं जातां शंभराहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

१८८५ सालीं इंडियाना संस्थानांतील फोर्ट वेन येथें सिल्व्हेनस बाउझर यानें दुकानांत रॉकेल मोजून देणारा पंप विकला. पुढें मोटारगाड्या आल्या आणि पेट्रोलचा खप वाढत गेला. हा पदार्थ क्षणांत पेट घेणारा. म्हणून वस्तींतील त्याचा सांठा पोलादी टांक्यांत भरून त्या जमिनींत पुराव्या, ही रीत रूढ झाली. अग्निभयावर हा उपाय उत्तमच होता. परंतु उघडें पोलाद ओलसर मातींत गंजतें, आणि भुईंतील टांकीला पडलेलें छिद्र कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. आगीचें भय गेलें, पण त्याच्या जागीं दुसरें, न दिसणारें भय येऊन बसलें.

१९८३ च्या सुमारास अमेरिकेंतील वृत्तसंस्थांनीं या गळतीकडे लोकांचें लक्ष वेधलें. १९८४ सालीं मध्यवर्ती कायदा झाला. १९८६ सालीं सफाईसाठीं स्वतंत्र निधि उभारण्यांत आला. त्याकरितां मोटारीच्या इंधनावर गॅलनमागें एका सेंटचा दहावा हिस्सा कर बसला. १९८८ च्या नियमांनीं जुन्या टांक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास दहा वर्षांची मुदत दिली. त्या वेळीं देशांत अशा टांक्या वीस लाखांहून अधिक होत्या. पुढें पांच लाखांवर ठिकाणीं गळती झाल्याचें निश्चित झालें.

न दिसणारी गळती शोधावयाची कशी? पहिला पुरावा हिशेबाच्या वहींत सांपडतो. टांकींत गज सोडून सांठा मोजावयाचा, विक्रीशीं तो ताडून पाहावयाचा, आणि तूट वारंवार एकाच बाजूची येऊं लागली कीं संशय धरावयाचा. मग भोंवतालची जमीन भोंक पाडून पाहतात, निरनिराळ्या खोलीवरील माती तपासतात आणि निरीक्षणाच्या विहिरी खणतात. अशा विहिरी निदान तीन तरी लागतात; तीन ठिकाणची जलपातळी कळल्यावांचून भूजलाचा उतार कोणीकडे आहे, हें ठरत नाहीं. पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यानें भूजलावर तरंगतें. पण त्यांतील बेंझीन कांहीं अंशीं पाण्यांत विरतें, आणि बेंझीन हें रक्ताच्या कर्करोगास कारण होणारें द्रव्य आहे.

सांता मोनिकाच्या विहिरींत मात्र निराळेंच द्रव्य आढळलें. पेट्रोलमधील शिसें कमी करण्यासाठीं १९७९ पासून त्यांत एमटीबीई नांवाचें ईथर मिसळूं लागले. १९९० च्या कायद्यानें कित्येक शहरांची हवा शुद्ध राखण्यासाठीं पेट्रोलांत प्राणवायुयुक्त द्रव्य घालणें आवश्यक केलें, तेव्हां याचा वापर फारच वाढला. हवेस तें उपकारक खरें. परंतु तें पाण्यांत सहज विरघळतें, मातीच्या कणांस फारसें चिकटत नाहीं, जंतूंकडून त्याचें विघटन मंदपणें होतें, आणि अत्यल्प अंशानेंहि पाण्यास टर्पेंटाइनसारखा वास येतो. १९९५ सालीं सांता मोनिकाच्या चार्नोक विहिरींत तें प्रथम सांपडलें. पुढें त्याचें प्रमाण अब्ज भागांत ६१० पर्यंत गेलें. १९९६ सालीं त्या विहिरी बंद झाल्या, आणि आपल्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग शहराला दूरवरून आणलेला विकत घ्यावा लागला. आसपासच्या पेट्रोलविक्रीच्या जागा आणि पेट्रोलवाहक नळ यांचा शोध सुरू झाला, दावे झाले, तडजोडी झाल्या. विहिरींचें पाणी शुद्ध होऊन पुन्हां नळास येईपर्यंत सुमारें पंधरा वर्षें लोटलीं. कॅलिफोर्नियानें १९९९ सालीं या द्रव्याचा वापर थांबविण्याचें ठरविलें, आणि २००४ च्या आरंभापासून तो बंद झाला.

या इतिहासांत कोणी दुष्ट हेतूनें कांहीं केलें, असें म्हणतां येत नाहीं. टांकी पुरणाऱ्यानें आगीचा विचार केला आणि ईथर मिसळणाऱ्यानें हवेचा. पाण्याचा विचार करणारा मात्र त्या वेळीं त्यांच्या शेजारीं बसलेला नव्हता. संकट दृष्टीआड केलें म्हणजे तें नाहींसें होत नाहीं. तें केवळ दुसऱ्या वाटेनें चालूं लागतें. म्हणूनच उपाय योजतांना, ज्या दिशेनें भय दिसतें तिच्याइतकेंच, ज्या दिशेस कोणी पाहत नाहीं तिकडेहि लक्ष ठेवणें हें शहाणपणाचें होय.