परीदीपांचे मोल

‘हंड्या-झुंबरे’ हा जोडशब्द मराठी माणूस एका श्वासात उच्चारतो, आणि तो उच्चारताना त्याच्या डोळ्यांपुढे वाडे, दरबार आणि लग्नमांडव उभे राहतात. काचेच्या आड जळणाऱ्या मेणबत्तीचा आणखी एक, फार लहानसा प्रकार आहे. त्याला आपल्या भाषेत नाव नाही. इंग्रज त्याला ‘फेअरी लॅम्प’ म्हणतात. सोयीसाठी आपण परीदीप म्हणू. खाली जाड पारदर्शक काचेची वाटी, तिच्यात बुटकी मेणबत्ती आणि वाटीच्या खांद्यावर टेकलेला रंगीत काचेचा घुमट, एवढाच त्याचा संसार. हवा खालून शिरते, घुमटाच्या माथ्यावरील छिद्रातून बाहेर पडते. सारा दिवा ओंजळीत मावतो.

या दिव्यांशी माझी गाठ पडली ती एका कौटुंबिक निकडीमुळे. माझे एक मामा उभे आयुष्य लंडनच्या उपनगरात राहिले. निवृत्तीनंतर त्यांना या दिव्यांचा नाद लागला आणि ते निवर्तले तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यातील कपाटात ४३ दिवे होते. घर विकायचे होते, तीन भावंडांत वाटणी व्हायची होती. एका दुकानदाराने कपाटावरून एक नजर फिरवून सगळ्यांची मिळून एक रक्कम सांगितली. मामेबहिणीचा फोन आला : “दादा, तुम्ही इतिहास लिहिता ना? मग हे काय किमतीचं आहे ते सांगा.” इतिहास लिहिणाऱ्याला किंमत कळते हा तिचा समज मी खोडून काढला नाही. त्याच वर्षी तिकडे जाणे झाले, आणि चार संध्याकाळी त्या कपाटासमोर बसून काढल्या.

किंमत कळण्यासाठी हे दिवे झाले कसे, ते आधी पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमधील सामान्य घरात चरबीची मेणबत्ती जळे. तिला दुर्गंधी येई, ती धूर करी आणि तिची वात वरचेवर कातरावी लागे. अशी मेणबत्ती काचेच्या घुमटात कोंडणे म्हणजे काच काजळवून घेणे. १८२५ मध्ये शेव्रुल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी चरबीपासून कठीण, स्वच्छ जळणारे स्टिअरिन वेगळे काढण्याचे पेटंट घेतले. १८५० मध्ये जेम्स यंगच्या पेटंटने पॅराफिनचा मार्ग मोकळा केला. दरम्यान ब्रिटिश सरकारने मेणबत्तीवरील कर १८३१ मध्ये आणि काचेवरील कर १८४५ मध्ये उठवला. मेण स्वच्छ झाले, काच स्वस्त झाली. उरले ते दोघांची गाठ घालून देणारा माणूस येणे.

तो माणूस काचकारागीर नव्हता, ही या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. सॅम्युएल क्लार्क हा मेणबत्त्यांचा कारखानदार होता. बाळांच्या व आजाऱ्यांच्या खोलीत रात्रभर तेवणारे ‘पिरॅमिड’ नावाचे रात्रदीप तो विकत असे, आणि चोरांना धाक बसवणारा दिवा अशीही त्याची जाहिरात करी. १८८० च्या दशकाच्या मध्यास त्याने ‘फेअरी’ हे व्यापारचिन्ह पुढे आणले. घुमट आणि बैठका त्याने निरनिराळ्या नामांकित काचगृहांकडून व चिनी मातीच्या कारखान्यांकडून करवून घेतल्या. स्वतः मात्र तो लंडनच्या क्रिकलवुड भागातून मेणबत्त्याच विकत राहिला. दिवा एकदा विकत घेतला जातो. मेणबत्ती मात्र सुमारे दहा तासांत संपते आणि पुन्हा घ्यावी लागते. क्लार्कच्या लेखी दिवा हे निमित्त होते. आज नेमके उलटे झाले आहे. विकायचा होता तो माल जळून गेला, आणि निमित्त तेवढे कपाटात उरले. त्या काळचे न उघडलेले मेणबत्त्यांचे खोके कुठे सापडले तर संग्राहक त्यावर तुटून पडतात, ते यामुळेच.

मामांच्या ४३ दिव्यांत एक होता, ज्याच्यापाशी मी अंमळ अधिक थबकलो. वर गुलाबी, खाली उतरता उतरता फिकट लिंबाच्या रंगात विरघळणारा, चकाकी नसलेला. या काचेला ‘बर्मीज’ म्हणतात. अमेरिकेतील न्यू बेडफर्ड येथील माउंट वॉशिंग्टन ग्लास कंपनीच्या फ्रेडरिक शर्लीने १५ डिसेंबर १८८५ रोजी तिचे पेटंट मिळवले. काचेच्या रसात युरेनियम आणि किंचित सोने असते. युरेनियमने पिवळा रंग येतो, आणि घडवलेल्या वस्तूचा काही भाग पुन्हा तापवला की सोन्यामुळे तेवढाच भाग गुलाबी होतो. राणी व्हिक्टोरियाला ही काच फार आवडली, आणि तिने ब्रह्मदेशातील सूर्यास्ताची आठवण काढली म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. इंग्लंडात ती बनवण्याचा परवाना १८८६ मध्ये स्टाउरब्रिजच्या थॉमस वेब अँड सन्सने घेतला आणि ‘क्वीन्स बर्मीज’ या नावाने विकली.

त्या तारखेपाशी मात्र मराठी माणसाने थोडे थांबावे. पेटंटला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस, इंग्रजी फौजा मंडालेत शिरल्या होत्या. ब्रह्मदेशाचा राजा थिबा कैद झाला, १ जानेवारी १८८६ रोजी त्याचा देश साम्राज्याला जोडला गेला, आणि त्याच वर्षी त्याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. लंडनच्या जेवणाच्या मेजांवर ‘बर्मीज’ दिवे तेवत होते त्या काळात ब्रह्मी राजा कोकणचा पाऊस पाहत बसला होता. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. दिव्याच्या किमतीत या गोष्टीने एका पौंडाचीही भर पडत नाही. मला मात्र तो दिवा हातात घेताना लिलावगृहाच्या कॅटलॉगपेक्षा हेच अधिक आठवले.

आता मोलाविषयी. पहिला धडा असा की, किंमत एक नसते. विम्यासाठी लिहिली जाते ती वस्तू दुकानातून पुन्हा आणायची झाल्यास लागणारी. प्रोबेटसाठी मागितली जाते ती मृत्यूच्या दिवशी खुल्या बाजारात आली असती ती. आणि दुकानदार देऊ करतो ती त्याचे भाडे, नफा आणि वाट पाहण्याचे दिवस वजा करून. तिन्ही प्रामाणिक असू शकतात. आमच्या दुकानदाराने आम्हांला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने तिसरी किंमत सांगितली आणि आम्ही ती पहिली समजलो.

दुसरा धडा डोळ्यांपेक्षा बोटांचा. घुमटाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावे, कारण टवके तिथेच उडतात. कधी कुणी टवका घासून कड सपाट केलेली असते, तर घुमट वाटीवर नीट बसत नाही. वाटीच्या काचेत क्लार्कचे नाव आणि हाती छडी घेतलेली परी उठवलेली आहे का, ते पाहावे. तेवढ्यावर मात्र भुलू नये. वाट्या टिकाऊ, घुमट नाजूक. शंभर वर्षांत एकाची वाटी, दुसऱ्याचा घुमट, तिसऱ्याची बैठक असे कितीतरी संसार नव्याने जुळवले गेले आहेत. अतिनील प्रकाशाची विजेरी टाकली की युरेनियमची काच हिरवी उजळते. पण अमेरिकेतील फेंटन कारखान्याने १९७० पासून बर्मीज काच पुन्हा बनवली होती आणि तीही तशीच उजळते. २०११ मध्ये त्या कारखान्याने काचेची भट्टी थांबवली, त्यामुळे आता तिचेही संग्राहक आहेत. उजळणे म्हणजे युरेनियम. उजळणे म्हणजे वय नव्हे.

चार संध्याकाळींची यादी अशी झाली : साच्यात दाबून घडवलेले, हिऱ्यासारख्या पैलूंचे हिरवे, निळे, पिवळे दिवे २६. लाखोंनी निघालेला हा माल, म्हणून थोडक्या किमतीचा. विसाव्या शतकातील नव्या घडणीचे ९. सुटे जोडलेले ५. खरोखर जुने, पूर्ण आणि निर्दोष असे तीन. मामांच्या वहीत प्रत्येकाची खरेदी टिपलेली होती. जोडलेल्या पाचांपैकी दोहोंना त्यांनी चांगलेच पैसे मोजले होते. मामेबहिणीने ती पाने वाचली आणि वही मिटली.

संग्रह एकत्र विकावा की फोडावा, यावर भावंडांत वाद झाला. धाकट्याला वडिलांचे कपाट अखंड कुणाकडे तरी जावेसे वाटत होते. ती भावना मला कळत होती. पण अखंड घेणारा २६ साध्या दिव्यांसाठी पैसे मोजत नाही, तो तीन चांगल्यांवर डोळा ठेवून उरलेले ओझे म्हणून उचलतो. शेवटी तीन दिवे, प्रत्येकाचे छायाचित्र, मापे, खुणा आणि मामांच्या वहीतील नोंद यांसह, राखीव किंमत ठरवून लिलावात गेले. बाकीचे सहा-सहांचे गट करून देण्यात आले. जोडलेल्या पाचांवर ‘जोडलेले’ असे स्पष्ट लिहावे, असा आग्रह मी धरला. त्याने चार पैसे कमी आले. लिलावगृहाचे कमिशन आणि कर वजा जाता हाती पडलेली रक्कम दुकानदाराच्या आकड्याच्या दुपटीहून थोडी कमी होती. तिघांत वाटली तेव्हा फार झाली नाही. व्हिक्टोरियन काचेचा बाजार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उतरला आहे, हे मामांच्या वहीतील आकडेच सांगत होते.

एक दिवा विकला गेला नाही. हिरवा, साच्यातला, कडेला टवका असलेला. त्याच्यावर बोलीच आली नाही. तो मामेबहिणीने परत आणला. हल्ली मिळणारी पत्र्याच्या वाटीतली मेणबत्ती क्लार्कच्या वाटीत सैल बसते, म्हणून ती खाली थोडी वाळू घालते. टवक्याची बाजू तिने भिंतीकडे वळवून ठेवली आहे.