देवणीची बाभूळ आणि बिदरचा रंगीन महाल

संसार थाटणें हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत जुना असला, तरी संसार थाटावयास लागणाऱ्या वस्तूंची यादी मात्र दर पिढीस पालटत आली आहे. आमच्या आजोबांच्या पिढीस दोन पाट, एक चौरंग, बाज आणि लांकडी पेटी एवढ्यावर घर उभें करितां येई. आज टेबल, खुर्ची, कपाट व पलंग ह्यांवांचून घर घरासारखें दिसत नाहीं. गेल्या वैशाखांत देवणीस एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही उतरलों असतां ह्या गोष्टीचा विचार करण्याचा प्रसंग आला. स्नेह्यांच्या पुतण्याचें नुकतेंच लग्न झालें होतें. दोघेंही शिकलेलीं, दोघेंही शाळेंत शिकविणारीं, आणि हातीं शिल्लक मोजकी. कर्ज काढून तयार सामान आणावयाचें नाहीं, घरींच करावयाचें, असा त्यांचा निश्चय होता. एका संध्याकाळीं ओसरीवर बसलों असतां पुतण्यानें विचारलें, "काका, स्वस्तांत कोणतें लांकूड घ्यावें?" आणि त्याच्या पत्नीनें हंसून पुस्ती जोडली, "आणि चार दिवस कोणत्या शहरीं जाऊन यावें, तेंही सांगा. दोन्हींचे पैसे एकाच डब्यांत आहेत!"

ह्या दोन प्रश्नांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें. परंतु विचार करूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं, ह्या मुलखाच्या इतिहासांत दोहोंचीं उत्तरें एकमेकांस लागूनच आहेत. तीं वाचकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. कारण घरांतील वस्तूंचीं नांवें हें इतिहासाचें सर्वांत सुलभ दफ्तर होय. 'खुर्ची' व 'संदूक' हे शब्द अरबींतून आले, 'अलमारी' पोर्तुगीजांनीं दिली, 'टेबल' इंग्रजांबरोबर आलें. 'कपाट' हा शब्द संस्कृत खरा, पण त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. लुगडीं व पुस्तकें ठेवण्याचें कपाट हा त्याचा अलीकडचा अवतार. जुन्या घरांत माणसें सतरंजीवर किंवा घोंगडीवर बसत व पाटावर जेवत. ह्याचा अर्थ आपले पूर्वज लांकडाविषयीं उदासीन होते, असा मात्र नव्हे. त्यांचें लांकूड सामानांत नव्हतें. तें घराच्या अंगांतच होतें.

मराठवाड्याचें जुनें घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराची ऐपत खणांवर मोजली जाई. भिंतीनें उन्हाळा अडवावा आणि धाब्याचें ओझें खांबांनीं उचलावें, अशी ही वांटणी होती.

येथें वाचकांस ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आठवल्यावांचून राहणार नाहीं. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली आणि हजारों माणसें आपल्याच घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. पुढें जाणत्यांनीं पडलेल्या घरांची पाहणी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, मातींत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, परंतु जेथें खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तेथें तो पुष्कळदां जागच्या जागीं उभा राहिला.

आम्ही हें सांगत असतां ती नवी सून गप्प झाली. तिचें माहेर औशाकडचें. थोड्या वेळानें ती म्हणाली, "आमच्या घरीं तसेंच झालें होतें. आजी मधल्या खणांत लेंकरांना घेऊन निजली होती, ती वांचली. आजोबा भिंतीकडेला होते." पुढें ती कांहीं बोलली नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. त्या घराच्या दोन सागवानी तुळया आजीनें आजतागायत विकूं दिल्या नाहींत, त्या गोठ्यांत पडून आहेत, एवढें मात्र तिनें सांगितलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ह्या भागांत सागवान पूर्वींपासूनच दुरून येई. किनवट-माहूरचीं जंगलें आणि त्यांपलीकडील निर्मळ-आदिलाबादचीं अरण्यें हीं त्याचीं माहेरघरें. देवणी, उदगीर, निलंगा हा मुलूख काळ्या मातीचा व ज्वारी-तुरीचा. लातूर जिल्ह्याचें वनक्षेत्र आजही शेंकडा एकाहून कमी आहे. म्हणून सागवान घराच्या खांबांसाठीं, तेंही ऐपतवंताच्या घरीं. बाकी साऱ्या कामांस बांधावरचें झाड. ज्या देवणी बैलांनीं ह्या गांवाचें नांव दूरवर नेलें, ते बैल ज्या गाडीस जुंपले जात, तिचीं चाकें बाभळीचीं असत. नांगर, वखर, तिफण ह्यांसही तीच बाभूळ. गांवच्या सुताराचें बलुतें धान्यांत ठरलेलें असे; लांकूड शेतकऱ्याचें, हात सुताराचा. त्यामुळें लांकडाचा भाव काय, हा प्रश्न बहुतेक घरांत उपस्थितच होत नसे.

बाभूळ म्हणजे गरिबाचें लांकूड, अशी आज समजूत आहे. पण अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त बांधकामाच्या नेहमींच्या वापरांतलीं म्हणून ज्या आठ लांकडांचे भाव दिले आहेत, त्यांत शिसवाबरोबर बोर, बाभूळ आणि शिरीष हींही आहेत. त्याच ग्रंथांत ७२ प्रकारच्या लांकडांचीं वजनें नोंदलेलीं आहेत. हिंदुस्थानच्या बादशहाला जर लांकूड तोलून-मापून घेण्याची व बाभळीचा भाव पाहण्याची लाज वाटली नाहीं, तर दोन शिक्षकांनीं ती कां बाळगावी?

ही व्यवस्था पालटली ती एकोणिसाव्या शतकांत. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लांकूड हवें झालें, आणि १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं इंग्रजी मुलखांतील जंगलें सरकारच्या ताब्यांत जाऊं लागलीं. निजामाच्या राज्यांतही राखीव जंगलांचें धोरण आलें. त्याची किंमत ज्यांचें घरच जंगलांत होतें, त्यांनीं दिली. आदिलाबादच्या अरण्यांत जल, जंगल व जमीन ह्यांवरील हक्कांसाठीं लढतांना गोंडांचा पुढारी कुमरम भीम १९४० सालीं मारला गेला. सागवानाच्या प्रत्येक फळीच्या भावांत हा इतिहासही असतो, हें विकत घेणारानें विसरूं नये.

मग आज घरींच सामान करूं पाहणारानें काय करावें? जुन्या व्यवहारांतून आम्हांस तीन गोष्टी निघतात असें दिसतें. पहिली ही कीं, ज्या कामास जें लांकूड योग्य, तेंच तेथें लावावें. बाभूळ कठीण व जड. पलंगाचे व टेबलाचे पाय, स्टूल, चौकटी ह्यांस तिच्यासारखें स्वस्त व टिकाऊ लांकूड नाहीं. परंतु रुंद फळीस ती वांकते व चिरते. कडुनिंबास कडवटपणामुळें कीड सहसा धरत नाहीं; कपड्यांच्या पेटीस व फडताळास तो उत्तम. आंब्याची फळी स्वस्त व करवतीस मऊ, पण किडा लवकर लागतो. ती पाटास किंवा आंतल्या कप्प्यांस ठीक, वजन पेलणाऱ्या जागीं नव्हे.

दुसरी गोष्ट वाळवणाची. ओलें लांकूड स्वस्त मिळतें आणि तेंच शेवटीं महाग पडतें. टेबल पावसाळ्यांत केलें कीं उन्हाळ्यांत त्याचे सांधे तोंड वासतात. जुने लोक बाभळीचे ओंडके कित्येक महिने पाण्यांत बुडवून ठेवीत आणि मग सावलींत वाळवीत. आज तेवढा धीर नसेल, तर वर्षभर वाळलेलेंच लांकूड मागून घ्यावें. तिसरी गोष्ट गाभ्याची. सागवानाची कीर्ति त्याच्या तेलकट गाभ्यामुळें आहे. सालीलगतचा पांढुरका भाग वाळवी खाते. सागवानाच्या नांवाखालीं पांढरें लांकूड घेण्यापेक्षां बाभळीचा गाभा घेणें शहाणपणाचें.

आणि जुनें लांकूड? पडक्या वाड्यांचें व माळवदांचें सागवान ह्या भागांत अजून विकावयास येतें. तें पन्नास-शंभर वर्षें वाळलेलें असतें. घेतांना खिळे काढून घ्यावे, टोकें कुजलीं आहेत काय हें पाहावें, इतकेंच. हें बोलतांना आमच्या मनांत गोठ्यांतल्या त्या दोन तुळया आल्या. पण ती गोष्ट काढण्याचा अधिकार आमचा नव्हता.

राहिला शहराचा प्रश्न. पूर्वीं नवपरिणितांचा पहिला प्रवास कुलदैवताचा असे. तुळजापूर नाहीं तर माळेगांवचा खंडोबा. मधुचंद्र हा शब्द व ती चाल दोन्ही मागाहून आलीं. त्या दोघांच्या मनांत मुंबईचें, फार तर हैदराबादचें नांव होतें. आम्हीं बिदर सुचविलें, तेव्हां दोघेंही थोडीं हिरमुसलीं. कारण देवणीहून बिदर सत्तर किलोमीटरांच्या आसपास, आणि जवळच्या गांवाची नवलाई ती काय! परंतु हें जवळचें गांव आतां आपल्याच लोकांस दूरचें झालें आहे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यांतच होते. कोर्टकचेरीस, बाजारास, औषधपाण्यास इकडचीं माणसें बिदरलाच जात. भाषावार प्रांतरचनेंत तालुके इकडे आले व बिदर कर्नाटकांत गेलें. १९८२ सालीं लातूर जिल्हा झाला, १९९९ सालीं देवणी तालुका झाला, आणि पणजोबांचें जिल्ह्याचें गांव पणतवंडांस परप्रांत वाटूं लागलें. उदगीर, भालकी, बिदर अशी आगगाडीची वाट मात्र अजून तीच आहे.

बिदर सुचविण्याचें खरें कारण किल्ल्यांतला रंगीन महाल. बहामनी सुलतानांनीं पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत गुलबर्ग्याहून राजधानी येथें आणली, तेव्हां त्यांच्या हातीं अवघ्या दख्खनचा वसूल होता. किल्ला, तट व दरवाजे त्याच मापाचे आहेत. त्यांच्यामागें राहिलेलें बरीदशाही राज्य अगदींच लहान. त्या घराण्यांत प्रथम 'शाह' ही पदवी धारण करणारा अली बरीद १५४२ पासून १५८० पर्यंत राज्य करीत होता. मोठा महाल बांधण्याची हौस त्यालाही असेल. पण त्यानें जुन्याच जागीं एक लहानसा महाल नव्यानें सजविला. आंत कोरीव लांकडी खांब, त्यांवर नक्षीचे हस्त, भिंतींवर रंगीत फरश्या, आणि काळ्या दगडांत बसविलेले शिंपल्याचे चमकदार तुकडे. महाल दोन-चार दालनांचा, पण एकेक बोट जागा मन लावून केलेली. मिळकत थोडी असतां सगळीकडे थोडें थोडें करण्यापेक्षां एकच जागा पुरती सुंदर करावी, असा त्या राजाचा विचार असावा, असें आम्हांस तेथें उभें राहिल्यावर नेहमीं वाटतें. १६५७ सालीं औरंगजेबानें बिदर घेतलें, राज्यें गेलीं, लांकडाचे ते खांब मात्र उभे आहेत.

हा महाल पाहावयास सकाळचा उजेड बरा. दार बंद असल्यास किल्ल्यांतील पुरातत्त्व खात्याच्या कचेरींत विचारावें. दुसरे दिवशीं १४७२ सालचा महमूद गवानाचा मदरसा पाहावा आणि चौबाऱ्याकडून बाजारांत शिरून बिदरी कारागिरांच्या दुकानीं काळ्या धातूंत चांदीची तार ठोकतांना पाहत बसावें. त्यास पैसे पडत नाहींत. तिसरे दिवशीं संध्याकाळीं अष्टूरच्या थडग्यांकडे जावें. तेथें अहमदशहा वलीच्या घुमटांतील रंगकाम अजून डोळ्यांत भरतें, आणि त्याच्या उरुसास हिंदु-मुसलमान दोघेही जमतात. एवढ्यावर चौथा दिवस घरीं परतण्यास मोकळा राहतो, आणि डब्यांतले पैसेही बरेचसे शिल्लक राहतात.

दिवाळीनंतर आमचें पुन्हां देवणीस जाणें झालें. दोघें बिदरास जाऊन आलीं होतीं. घरांत पलंग नव्हता, खुर्च्या उसन्या होत्या, पुस्तकें अजून खोक्यांतच होतीं. पण खिडकीशीं एक टेबल होतें. पाय बाभळीचे, माथा जुन्या सागवानाचा. एका कडेला चौकोनी खांचेची जुनी खूण तशीच ठेवली होती. परततांना तीं औशास उतरलीं होतीं. आजीनें दोन तुळयांपैकीं एक दिली. दुसरी आपण असेपर्यंत हालवावयाची नाहीं, असें तिनें सांगितलें, आणि त्यावर कोणींही वाद घातला नाहीं.

त्या टेबलावर मुलांच्या वह्यांचा ढीग होता. त्यांतल्या दोन बाजूस सारून सुनेनें आमच्यापुढें चहाचा पेला ठेविला.