नाशिकला वाढलेली याओ लेकरं

आज आफ्रिकेतल्या कुटुंबांविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात आपल्या नाशिकपासून करावी लागते.

नाशिकला शरणपूर रस्ता आहे. शरणपूर ही ख्रिस्ती मिशनची वसाहत. १८६० च्या सुमारास तिथं आफ्रिकेतली मुलंमुली राहायला आली. त्या काळी पूर्व आफ्रिकेतली माणसं पळवून, गलबतात कोंबून अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजांच्या आरमारानं काही गलबतं पकडली आणि त्यातली लेकरं मुंबईला उतरवली. त्यातली बरीच नाशिकला आली. मुलं सुतारकाम-लोहारकाम शिकली, मुली शिवण शिकल्या.

यातली काही याओ लोकांची होती. याओंचा मुलूख मलावी सरोवराच्या बाजूला. क्लाईड मिचेल नावाच्या अभ्यासकानं मलावीतल्या याओ खेड्यांवर १९५६ मध्ये पुस्तक छापलं. त्यात त्यांच्या घराची रीत सापडते, ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल. याओंमध्ये कूळ आईकडून चालतं. लग्न झालं की बहुतेक वेळा नवराच बायकोच्या गावी नांदायला येतो. सख्ख्या बहिणी, त्यांच्या लेकी, नाती मिळून एक गट असतो, त्याला म्हणतात ‘म्बुंबा’. थोरला भाऊ त्या गटाचा सांभाळ करतो. (आपल्या बचत गटात असा एखादा भाऊ असता तर बँकेच्या खेपा तरी वाचल्या असत्या!) लेकरू कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर तिथं आईच्या नावानं मिळतं.

आता नाशिकला काय झालं बघा. चेंगविंबे नावाचा एक याओ मुलगा होता. तो इथं मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा झाला जेकब वेनराईट. आडनावं साहेबांची. गाव आणि आई तर गलबतातच सुटली होती. आईचं कूळ सांगणारं नावही इथं गेलं. मिशननं त्यांना अन्न, कपडा, अक्षर दिलं, हे खरंच. तरी या हिशेबात वजाबाकीही मांडावी, असं मला वाटतं.

हे दोघं पुढं डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाच्या मदतीला आफ्रिकेत गेले. १८७३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचं शव हजार मैलांहून जास्त वाट तुडवत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत दोघंही होते. त्याच्या नावाची अक्षरं झाडावर कोरली ती नाशिकला शिकलेल्या जेकबनं. लंडनच्या दफनविधीलाही जेकब हजर होता. त्या तांड्यात हलीमा नावाची स्वयंपाकीणही होती. शवाची गोष्ट सांगताना तिचं नाव कोणी फारसं घेत नाही.

१८७५ च्या आसपास नाशिकची बरीच मंडळी मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रीअर टाऊनला गेली. मुंबईचे जुने गव्हर्नर फ्रीअर, त्यांचंच नाव गावाला. नाशिकला आफ्रिकी म्हणून वाढलेल्या या लोकांना तिकडे नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’. शरणपूरला शिवण शिकलेल्या काही मुलीही बायका होऊन तिकडे गेल्या. आता त्यांच्या नावापुढे नवऱ्याचं साहेबी आडनाव लागलं.

मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत जास्त जगला. १९३५ मध्ये तो वारला.