सेवाप्राणी व आधारप्राणी : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश

ठराविक काम करण्याचे शिक्षण देऊन माणसाच्या मदतीसाठी तयार केलेल्या प्राण्यास सेवाप्राणी म्हणतात. ज्याच्या केवळ सहवासाने माणसाच्या मनास धीर वा विसावा मिळतो, तो आधारप्राणी होय. हा भेद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कायद्याने दिव्यांगांच्या हक्कांच्या संदर्भात निश्चित केला. तथापि कामाचा प्राणी व जिव्हाळ्याचा प्राणी यांतील फरक मानवी व्यवहारात फार जुना आहे. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनसंपन्न जिल्ह्यांत या संबंधांची दोन ठळक उदाहरणे आढळतात : कमलापूरचे वनखात्याचे हत्ती आणि हेमलकसा येथील प्राण्यांचे अनाथालय. सेवा संपलेल्या प्राण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही याच प्रदेशात २०२२ मध्ये तीव्रतेने पुढे आला.

संज्ञांचा विकास : पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ख येथे १९१६ मध्ये वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेत असे शिक्षण देणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ मध्ये स्थापन झाली. आधारप्राण्याच्या कल्पनेमागील विचार मानसोपचारातून आला. बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ञाने आपल्या कुत्र्याच्या उपस्थितीत अबोल मुले बोलती होतात, असे निरीक्षण १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केले.

अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याखालील नियमांनुसार सेवाप्राणी म्हणजे दिव्यांग व्यक्तीसाठी विशिष्ट काम शिकविलेला कुत्रा. लहान चणीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. दुकानात वा कार्यालयात अशा कुत्र्याबद्दल दोनच प्रश्न विचारता येतात : तो दिव्यांगतेमुळे आवश्यक आहे काय आणि त्यास कोणते काम शिकविले आहे. केवळ सोबतीने बरे वाटते, हे उत्तर पुरेसे ठरत नाही. मात्र भेद शरीर व मन यांतील नव्हे. मानसिक विकाराचा झटका येण्यापूर्वी तो ओळखून ठराविक कृती करणारा कुत्रा हाही सेवाप्राणीच होय. आधारप्राण्यास तेथे निवासाच्या बाबतीत काही सवलती मिळतात. विमानप्रवासातील त्याचा विशेष दर्जा मात्र २०२१ पासून विमान कंपन्यांवर बंधनकारक राहिला नाही. थोडक्यात, प्राण्याची जात वा त्याच्यावरील माया नव्हे, तर त्याचे शिक्षण व काम ही या भेदाची कसोटी आहे. भारतात या दोन वर्गांची व्याख्या करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

वनप्रदेशातील कामाचे प्राणी : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. त्यातील आलापल्ली व सिरोंचा भागांतील सागवान फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आलापल्लीजवळचा ‘वनवैभव’ हा जुन्या वृक्षांचा जपलेला पट्टा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. या जंगलातील लाकूड बाहेर काढण्याचे काम दीर्घकाळ बैल, रेडे व हत्ती यांच्या बळावर चाले.

बैलाच्या बाबतीत काम व माया यांची फारकत शेतकऱ्याने कधीच केली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेले त्याचे खांदे हळद व तूप लावून शेकतात. पिठोरी अमावास्येस त्यास कामाला न जुंपता सजवून ओवाळतात व पुरणपोळीचा घास देतात. दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारा हा विधी आहे. परंतु म्हाताऱ्या बैलाला बाजाराची वाट दाखविणे गरीब शेतकऱ्यास अनेकदा भाग पडे, हेही तितकेच खरे.

अलीकडच्या काळात सेवाप्राण्याच्या आधुनिक अर्थाशी सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे नक्षलवादी हिंसाचाराच्या काळात गडचिरोलीत पेरलेले सुरुंग व स्फोटके शोधण्यासाठी सुरक्षादलांनी वापरलेली श्वानपथके. हे कुत्रे दिव्यांग व्यक्तीचे साहाय्यक नसले, तरी त्यांचे स्थान पूर्णपणे त्यांच्या शिक्षणावर व कामावर अवलंबून असते.

कमलापूरचे हत्ती : अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे, सिरोंचा वनविभागात, राज्याच्या वनखात्याचा हत्तीतळ आहे. ट्रक पोहोचू शकत नाहीत अशा भागांतून तोडलेले ओंडके साखळीने ओढून आणणे व ते रचणे हे येथील हत्तींचे मूळ काम होते. त्यासाठी प्रत्येक हत्तीस आज्ञांचे शिक्षण दिले जाई. त्याच्या दिमतीला माहूत व चारा कापणारा ‘चाराकटर’ असे. माहूत आणि हत्ती यांचा संबंध वर्षानुवर्षांचा असल्याने हत्ती आज्ञा मानी तो बहुधा माणसाची, खात्याची नव्हे. तांदूळ, गूळ, मीठ व तेल असा खुराक दिल्यानंतर हत्तींना चरण्यासाठी जंगलात सोडण्याची पद्धत आहे. दरवर्षी हिवाळ्यात त्यांना काही दिवस विश्रांती देऊन वनौषधींचा गरम लेप तळपायांना लावतात. या उपचारास ‘चोपिंग’ म्हणतात. सतत चालण्याने व ओझे ओढण्याने तळव्यांना पडणाऱ्या भेगांवर तो उपयुक्त मानला जातो.

यांत्रिक वाहतूक वाढली, रस्ते झाले आणि वृक्षतोडीवर निर्बंध आले, तसे ओंडके ओढण्याचे काम मागे पडले. तळावर जन्मलेल्या पिलांना तर हे काम फारसे करावे लागले नाही. पर्यटक हत्ती पाहण्यासाठी येऊ लागले आणि ग्रामस्थांना ते गावाचे भूषण वाटू लागले. अशा रीतीने प्राणी तेच राहिले. परंतु सेवेचे साधन म्हणून आलेले हत्ती लोकांच्या ममतेचा विषय बनले. या स्थित्यंतराची नोंद मात्र कायद्यात कोठेच नव्हती.

हेमलकसा : भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी माडिया गोंडांसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तो प्रकाश व मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने चालविला. शिकार हा माडियांच्या अन्नाचा भाग होता. मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू शिकाऱ्यांकडून मागून घेऊन आमटे यांनी ते वाढविले, आणि तेथून प्राण्यांच्या अनाथालयाचा आरंभ झाला. पुढे बिबटे, अस्वले, तरस, हरणे, मगरी व साप यांची त्यात भर पडली. माडिया लोकही पोरकी पिले स्वतः आणून देऊ लागले. येथील प्राण्यांकडून कोणतेही काम घेतले गेले नाही. त्यांचे मोल सहवासाचे होते, तरी त्यांना आधारप्राणी म्हणता येत नाही, कारण येथे आधार देणारा माणूस व तो घेणारा प्राणी होता. वन्यप्राणी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मनाई असल्याने मायेने सुरू झालेले हे कार्यही अखेर परवाने व केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम यांच्या कक्षेत आले.

स्थलांतराचा वाद : हत्तीचा समावेश १९७७ मध्ये उक्त अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला. पाळीव हत्ती बाळगण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले व त्यांच्या विक्रीवर बंदी आली. हत्तीचे काम सुटल्यावर त्याने कोठे राहावे, याचे उत्तर या तरतुदींत नाही. ते मालकावर सोडलेले आहे. कमलापूर येथे मालक शासन होते.

राज्यातील काही शासकीय हत्ती गुजरातमधील जामनगर येथील एका खाजगी न्यासाच्या हत्ती निवारा केंद्रात पाठविण्याचे ठरल्यावर २०२२ मध्ये गडचिरोलीत विरोध सुरू झाला. हत्तींचे वय व पशुवैद्यकीय सोय ही कारणे स्थलांतराच्या बाजूने पुढे करण्यात आली. हत्ती गेल्यास तळ ओस पडेल व जिल्ह्याची ओळख पुसेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्या वर्षी ताडोबा–अंधारी व्याघ्रप्रकल्पातील सहा आणि आलापल्ली वनविभागातील पातानील येथील तीन हत्ती हलविण्यात आले. कमलापूरचा तळ मात्र टिकून राहिला. १९७२ च्या अधिनियमात डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या हत्तींचे धार्मिक वा अन्य कारणासाठी हस्तांतर शक्य झाले व त्यासंबंधीचे नियम २०२४ मध्ये आले. नांदणी (जि. कोल्हापूर) येथील जैन मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ मध्ये जामनगरला नेण्यात आली, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात सबंध राज्यापुढे आला.

मूल्यमापन : या वादात दोन्ही बाजूंनी मायेचा दाखला दिला, परंतु माया हा कायद्यातील हक्क नाही आणि ती प्राण्याच्या हिताची हमीही नाही. ज्या हत्तीवर गाव जीव टाकते, त्याच्या पायातील साखळी गावाला दिसेनाशी होऊ शकते. उलट उत्तम दवाखाना असलेल्या ठिकाणीही हत्तीचा जन्मभराचा माहूत व ओळखीचे रान त्याच्यासोबत जातेच असे नाही. अमेरिकी कायद्याची कसोटी प्राणी माणसासाठी काय करतो एवढेच विचारते. काम थांबल्यावर माणसाने प्राण्यासाठी काय करावे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. कमलापूरच्या इतिहासाचे महत्त्व त्याच प्रश्नात आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगढमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. भातशेती व घरे यांची नासधूस झाली, माणसेही दगावली. त्यामुळे माणसाच्या आज्ञेत वाढलेला हत्ती आणि कोणाच्याही आज्ञेत नसलेला हत्ती असे दोन्ही आज या एकाच जिल्ह्यात आढळतात.