भोंग्याआधीचं शहर
पाहुण्यांना आपल्या गावाची ओळख करून देताना पिंपरी-चिंचवडची मुलं बहुधा कारखान्यांपासून सुरुवात करतात. पण कारखानदारी इथे उशिरा आली: पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, महापालिका तर १९८२ची. त्याआधी चिंचवडला पवनाकाठी मोरया गोसावींची समाधी होती, १८९७ मध्ये इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंचा वाडा होता. जवळच्या चाकणचा भुईकोट किल्ला शिवाजी महाराजांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये मुघल सरदार शाएस्तेखानाविरुद्ध दोनेक महिने झुंजवला होता. कुणी म्हणेल, पोट तर कारखान्यांनीच भरलं. खरंच आहे, मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसं त्यासाठीच आली. मात्र फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी कारखान्यांच्याही आधी पडली होती. म्हणून ओळख वस्तीच्या क्रमानेच करून द्यावी: आधी देवस्थान, मग छावणी, मग कारखान्याचा भोंगा. नुसता भोंगाच सांगितला, तर हे शहर आणि दुसरं कुठलंही औद्योगिक शहर यांत फरक उरत नाही.