चारचक्षु

प्राचीन राजनीतीत राजाला 'चारचक्षु' म्हटले आहे. हेर हेच त्याचे डोळे. मात्र एकाच हेराच्या शब्दावर विसंबू नये, तिघांच्या बातम्या जुळल्या तरच ती खरी मानावी, असा कौटिल्याचा दंडक आहे.

यंत्राच्या डोळ्यांनाही हाच दंडक लागू झाला. जून 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावपट्टीलगत ओळीने 12 कॅमेरे मांडले. आडव्या ताणलेल्या तारा घोड्याच्या धावेने ओढल्या जात आणि एकेक झडप उघडे. धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे त्या चित्रमालेने दाखवले. एकट्या कॅमेऱ्याला तो वेग उलगडता आला नसता. पुढे 1942 च्या सुमारास जर्मनीत अग्निबाणांचे उड्डाण दुरून न्याहाळण्यासाठी दूरचित्रवाणी कॅमेरे वापरले गेले. 1997 नंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी अनेक कॅमेरे संगणकाला जोडले. एकाच्या दृष्टिक्षेत्रातून निसटलेला माणूस दुसऱ्याने हेरावा, यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचे स्थान आणि वेळ यांचा मेळ घालावा लागतो.

मुंबईला या विद्येची निकड 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री जाणवली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार चालू असताना वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी जिवावर उदार होऊन हल्लेखोरांची छायाचित्रे टिपली. पुढे खटल्यात ती महत्त्वाचा पुरावा ठरली आणि डिसूझांनी स्वतः न्यायालयात साक्ष दिली. शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे विणण्याचे काम मात्र निविदांच्या फेऱ्यांत अडकले. ते ऑक्टोबर 2016 मध्ये पूर्णत्वास गेले. तेव्हा दीड हजारांवर ठिकाणी सुमारे 4,700 कॅमेरे उभे होते. वाहनांच्या क्रमांकपट्ट्या यंत्रच वाचू लागले.

पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे पहाऱ्याचा प्रश्न केवळ सुरक्षिततेचा उरला नाही. आज जयपूरच्या वैशाली नगरात असो वा पुण्याच्या एखाद्या पेठेत, पहारा नेमका कोणासाठी आणि चित्रे किती काळ जपायची, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे. यंत्र चेहऱ्यांचे साम्य दाखवते. पण साम्य म्हणजे ओळख नव्हे, आणि ओळख पटली म्हणजे अपराध सिद्ध झाला असेही नव्हे. डिसूझांची छायाचित्रे बोलकी होती, तरीही त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला सामोरे जावे लागले. यंत्राच्या साक्षीलाही तितकीच कठोर तपासणी हवी.